तीन अनारकली आणि एक आवाज : रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे आलं ते बऱ्यापैकी तसंच ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे बघा' थोडं कमी केलंय.

आधी एक साधा प्रश्न. 'सुलोचना' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं?

घरात आई-आजी असतील तर त्या म्हणतील, सुलोचनादीदी. सुलोचना लाटकर. मराठीत किती भूमिका केल्या आणि हिंदीत किती हिरोंची आई झाली, त्याची मोजदाद नाही. कुणी म्हणेल, सुलोचना चव्हाण, लावणी. दोन्ही उत्तरं बरोबर. पण या दोघींच्या आधी एक सुलोचना होती. दीदींचा जन्म १९२८ चा. त्या वर्षी ही पहिली सुलोचना हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी फिल्मस्टार होती. गंमत म्हणजे तिचं खरं नाव सुलोचना नव्हतंच. तिचं नाव होतं रुबी मायर्स, आणि जन्म आपल्या पुण्यातला, १९०७ चा.

तिच्या कामाचं सगळं गणित मला तीन सिनेमांत दिसतं. तिन्हींचं नाव एकच, 'अनारकली'. पहिला १९२८ चा, मूकपट. दुसरा १९३५ चा, बोलपट. तिसरा १९५३ चा. पहिल्या दोन्हींत ती अनारकली आहे. तिसऱ्यात ती सलीमची आई आहे. एकाच गोष्टीत एकच बाई पंचवीस वर्षांत नायिकेची सासू झाली, आणि अनारकलीच्या गोष्टीत तर न झालेली सासू. मधल्या काळात काय घडलं, ते आज बघायचंय.

बायका कुठे होत्या?

थोडं मागे जाऊ. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना बाई मिळाली नाही. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. शेवटी ते काम अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने केलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, पडद्यावर आल्या. विक्रम गोखले यांच्या पणजी आणि आजी. पण या मायलेकी आल्या म्हणून दार सताड उघडलं, असं झालं नाही. 'चांगल्या घरातल्या' बाईनं सिनेमात काम करायचं नाही, हे पुढेही बरीच वर्षं चाललं.

मग १९२० च्या दशकात पडद्यावर नायिका म्हणून कोण दिसतं? यादी काढली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. पेशन्स कूपर, रेने स्मिथ, रुबी मायर्स. अँग्लो-इंडियन, ज्यू. काहींनी पडद्यासाठी हिंदू नावं घेतली. रेने स्मिथची झाली सीता देवी. रुबी मायर्सची झाली सुलोचना.

याच मुली का? एक कारण सरळ आहे. त्या आधीपासूनच घराबाहेर नोकरी करत होत्या. टायपिस्ट, नर्स, टेलिफोन ऑपरेटर. पुरुषांच्या ऑफिसात जाऊन बसणं, पगार घेणं, संध्याकाळी एकटीने घरी येणं, हे त्यांच्या घरांत नवीन नव्हतं. जातीबाहेर टाकण्याची धमकी त्यांना तशी लागू पडत नव्हती. पण म्हणून त्यांना सिनेमाची लाज वाटत नव्हती असं समजू नका. रुबीला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती नाहीच म्हणाली होती.

नंबर प्लीज

रुबी बगदादी ज्यू घरातली. पुणेकरांनो, कॅम्पातलं लाल देऊळ माहितीये ना? ओहेल डेव्हिड सिनेगॉग. ते १८६० च्या दशकात बांधलं डेव्हिड ससूनने. तो बगदादहून आलेला ज्यू व्यापारी. ससून हॉस्पिटलच्या नावातला ससूनही तोच. हा समाज आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींपेक्षा वेगळा. बेने इस्रायली शेकडो वर्षं इथे राहिले, घरात मराठी बोलायचे. बगदादी मंडळी नंतर आली, आणि पुढे त्यांच्यात इंग्रजीचं वजन वाढलं. हा भाषेचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा होणार आहे.

रुबी मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. तेव्हा फोन उचलला की आधी एक्स्चेंजमधली मुलगी बोलायची. तुम्ही नंबर सांगायचा, ती समोरच्या बोर्डवर वायर खोचून लाइन जोडून द्यायची. म्हणजे हे काम पूर्ण आवाजाचं. चेहरा कुणाला दिसत नाही, ऐकू येतो फक्त आवाज.

आणि तिथून तिला उचललं ते सिनेमाने, जिथे फक्त चेहरा दिसतो आणि आवाज कुणालाच ऐकू येत नाही. ही उलटापालट मला सारखी आठवत राहते, कारण पुढे तिच्या आयुष्यात ती पुन्हा एकदा होते, उलट्या दिशेने.

तिला विचारणारा माणूस होता मोहन भवनानी, कोहिनूर फिल्म कंपनीतला दिग्दर्शक. कोहिनूर ही द्वारकादास संपत यांची कंपनी, तेव्हाच्या मुंबईतल्या बड्या कंपन्यांपैकी. भवनानी मागे लागला, आणि अखेर ती हो म्हणाली. अभिनयाचा अनुभव शून्य. १९२५ मध्ये 'वीर बाला' आला, आणि रुबी मायर्सची सुलोचना झाली.

नाव मोठं हुशारीने निवडलेलं आहे. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. शिवाय रामायणाच्या कथांत इंद्रजिताची बायको सुलोचना. म्हणजे नाव ऐकून प्रेक्षकाला ती आपलीच वाटणार, आणि पडद्यावर जे बघायचं ते नावातच सांगितलंय : डोळे बघा.

पदवी असलेल्या नायिका

आता तिच्या सिनेमांची नावं ऐका. 'सिनेमा क्वीन', १९२६. 'टायपिस्ट गर्ल', १९२६, दिग्दर्शक चंदुलाल शहा. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', १९२७. 'इंदिरा बी.ए.', १९२९.

तेव्हा पडद्यावर पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमांचा पूर होता. त्यात ही नावं बघा. टायपिस्ट. सिनेमाची नटी. बी.ए. झालेली बाई. हे सगळे त्या काळातल्या शहरात नुकतेच दिसू लागलेले बायकांचे अवतार होते. सकाळी ऑफिसला जाणारी मुलगी रस्त्यात दिसायची, आणि लोकांना तिच्याबद्दल कुतूहल होतं, भीती होती, राग होता, आकर्षणही होतं. हे सगळं पडद्यावर नेऊन ठेवायला चेहरा हवा होता, आणि खरोखर नोकरी केलेली मुलगी समोर होती. या सिनेमांनी नोकरदार बाईची बाजूच घेतली, असं मी म्हणणार नाही. सिनेमा तेव्हाही दोन्हीकडून बोलायचा, आधी मजा दाखवायची आणि शेवटी उपदेश करायचा. पण नायिकेच्या नावापुढे पदवी लावून पोस्टर छापता येतं, एवढं तरी त्यांनी दाखवलं.

'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' मध्ये तर तिने आठ भूमिका केल्या. एकाच सिनेमात आठ! त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचा पोरगा होता, केळी विकणारी म्हातारी होती, गोरी युरोपियन बाईसुद्धा होती. चौदा वर्षांपूर्वी बाई मिळत नाही म्हणून पुरुषाने तारामती केली होती. आता बाई पोलीस होऊन पडद्यावर फिरत होती. आपण दुहेरी भूमिका केलेल्या हिरोचं कौतुक करतो ना, त्याची ही आजी.

हे तिला जमलं याचं एक कारण मूकपटातच होतं. मूकपटात संवाद म्हणजे मध्ये मध्ये येणाऱ्या पाट्या. एकेका पाटीवर दोन-तीन भाषा असायच्या. प्रेक्षकांत ज्यांना वाचता यायचं नाही त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. थिएटरात पेटी-तबला वाजायचा. त्यामुळे नटीची मातृभाषा कोणती हा प्रश्नच नव्हता. पुण्यात जन्मलेली इंग्रजी बोलणारी ज्यू मुलगी लाहोरात पंजाबी वाटू शकत होती आणि सुरतेत गुजराती. प्रत्येक प्रेक्षक आपापल्या मनात तिला आपला आवाज देत होता.

पगाराची दंतकथा

सुलोचना पुढे कोहिनूर सोडून अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल फिल्म कंपनीत गेली. तिथे ती कंपनीची राणीच झाली. तेव्हा नट-नट्या महिन्याच्या पगारावर असायच्या, आणि तिचा पगार पाच हजार रुपये महिना होता असं सांगतात. शिवाय शेव्हरोले गाडी. आणि तिच्याबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं : 'तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता.'

ऐकायला भारी वाटतं. पण जरा हिशोब करू. १९३५ च्या कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार लिहिलेला आहे, वर्षाला १,२०,००० रुपये. म्हणजे महिन्याला दहा हजार. पाच हजार हे दहा हजारांपेक्षा जास्त कसे?

म्हणजे ही दंतकथा. पण दंतकथा खोटी ठरली म्हणून टाकून देऊ नका. तिच्याकडे नीट बघा. लोकांना तिची तुलना दुसऱ्या नटीशी करावीशी वाटली नाही, दुसऱ्या नटाशीही नाही, थेट गव्हर्नरशी. गुलामीच्या काळात, मुंबई इलाख्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबापेक्षा एक टेलिफोनवाली मुलगी जास्त कमावते, या कल्पनेतच लोकांना केवढी मजा येत असेल! आणि पाच हजार हा आकडा तरी लहान कुठे होता?

पहिली अनारकली : शर्यत

१९२८. लाहोरची ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशन एक मोठा सिनेमा बनवत होती, 'द लव्हज ऑफ अ मुघल प्रिन्स'. इम्तियाज अली ताज यांच्या 'अनारकली' नाटकावरचा. अनारकली होती सीता देवी, म्हणजे मघाशी सांगितलेली रेने स्मिथ. मोठा खर्च, मोठा गाजावाजा.

इकडे मुंबईत इम्पीरियलने ठरवलं, आपण आधी आणायचा. दिग्दर्शक आर. एस. चौधरी, सलीम डी. बिलिमोरिया, अनारकली सुलोचना. भराभर शूटिंग केलं आणि लाहोरवाल्यांच्या आधी सिनेमा थिएटरात लावला. इम्पीरियलची 'अनारकली' तुफान चालली. नंतर आलेला महागडा मुघल प्रिन्स आपटला.

एकाच विषयावरचे दोन सिनेमे आणि आधी कोण रिलीज करतो याची धावपळ, हे आजही आपण बघतोच. तेव्हा शर्यत सुलोचनाने जिंकली. सीता देवी हरली. हा निकाल जरा बाजूला जपून ठेवा, शेवटी तो मला परत लागणार आहे.

१४ मार्च १९३१

या तारखेला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला, हिंदुस्थानातला पहिला बोलपट. बनवला कुणी? अर्देशिर इराणींनी. म्हणजे सुलोचनाच्याच कंपनीने. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, गाड्यांचा आवाज नको म्हणून रात्री शूटिंग केलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल.

कंपनीची सगळ्यात मोठी तारका सुलोचना. मग पहिल्या बोलपटात नायिका ती असायला हवी ना? नव्हती. नायिका होती झुबेदा. सचिन संस्थानच्या नवाबाची मुलगी. आई फातमा बेगम, जी स्वतः उर्दू रंगभूमीवरून आलेली आणि हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. झुबेदाच्या घरातच उर्दू होती. आणि बोलपटाला आता हिंदुस्थानी बोलणारी नायिका हवी होती. रुबी मायर्सची हिंदुस्थानी पडद्यावर ऐकवण्याजोगी नव्हती.

आता याच सिनेमाचा हिरो बघा. मास्टर विठ्ठल. आपला मराठी गडी, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला, मारामारीच्या मूकपटांचा राजा. तो 'आलम आरा' साठी आपली कंपनी सोडून आला, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि त्याच्या बाजूने वकील म्हणून मोहम्मद अली जिना उभे राहिले. पण विठ्ठलचीही हिंदुस्थानी बेताची. मग काय केलं? असं सांगतात की त्याच्या पात्राला बराच वेळ गुंगीत दाखवलं, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला!

हे ऐकून पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की हिरोला भाषा येत नाही तर गोष्ट त्याच्यासाठी वाकवता येते. हिरॉइनला येत नाही तर हिरॉइन बदलता येते. विठ्ठललाही पुढे बोलपटात पूर्वीचं स्थान मिळालं नाही, हे खरंच. पण त्या पहिल्या दारातून तो आत गेला, आणि जिच्या जिवावर कंपनी उभी होती ती बाहेर राहिली.

टेलिफोनवर आवाजाची नोकरी करणारी मुलगी आवाजापाशी येऊन अडली.

ती शिकायला बसली

अशा ठिकाणी आपल्याला गोष्ट संपवायची घाई असते. 'बोलपट आले आणि मूकपटाची राणी विस्मरणात गेली.' पण तसं झालं नाही, आणि मला रुबी आवडते ती इथे.

तिने वर्षभर काम थांबवलं आणि हिंदुस्थानी शिकली. विचार करा, वय पंचविशीच्या आत, देशातली सगळ्यात गाजलेली नटी, घरी पैसा, दारात गाडी. आणि ती बाराखडीपासून बसलीये. १९३२ मध्ये ती 'माधुरी' घेऊन परत आली. 'माधुरी' हा तिचाच १९२८ चा गाजलेला मूकपट. आता तो बोलका झाला, आणि चालला.

मग इम्पीरियलला युक्तीच सापडली. तिचे जुने मूकपट काढायचे आणि बोलते करायचे. 'इंदिरा बी.ए.' पुन्हा झाला. आता पाच वर्षं गेली होती, म्हणून इंदिरा शिकून पुढे गेली : 'इंदिरा एम.ए.', १९३४. 'अनारकली', १९३५. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' ची झाली 'बम्बई की बिल्ली', १९३६. बरोबर बहुतेक डी. बिलिमोरियाच. १९३३ ते १९३९ ही जोडी एकत्रच काम करत राहिली. पोस्टरवर दोघांची नावं एका दमात घेतली जायची. मधल्या काळात तिने रुबी पिक्स नावाची स्वतःची निर्मिती कंपनीही काढली. पडद्यावरचं नाव सुलोचना, पण कंपनीला दिलं खरं नाव.

पण या यशात एक अडचण लपलेली होती. ते सगळं मागे बघणारं होतं. जुनीच गोष्ट, जुनाच हिरो, फक्त आवाज नवीन. तोवर आजूबाजूला काय चाललं होतं? पुण्यात 'प्रभात', मालाडला 'बॉम्बे टॉकीज', कलकत्त्याला 'न्यू थिएटर्स'. पडद्यावर गाणारे नट-नट्या आलेल्या. शांता आपटे, देविका राणी, कानन देवी. प्रेक्षकाला आता गाणारा आणि सफाईने बोलणारा चेहरा हवा होता. १९३८ मध्ये इम्पीरियल बंद पडली. १९३९ नंतर सुलोचना-बिलिमोरिया जोडी संपली. रुबी तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

बत्तीस. आज त्या वयात कित्येक नट्यांची खरी सुरुवात होते.

तिसरी अनारकली

ती गेली मात्र नाही. छोट्या-मोठ्या भूमिका करत राहिली. आणि १९५३ मध्ये फिल्मिस्तानने 'अनारकली' काढला. अनारकली बीना राय, सलीम प्रदीप कुमार. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे चितळकरांचं, आणि ती गाणी आजही लोकांच्या फोनमध्ये आहेत. या सिनेमात सलीमच्या आईचं काम केलं सुलोचनाने.

दिग्दर्शक कोण होता माहितीये? नंदलाल जसवंतलाल. हाच माणूस १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' चा दिग्दर्शक होता. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी ज्याने तिला नायिका म्हणून उभं केलं, त्यानेच आता तिला कॅमेऱ्यासमोर आई म्हणून उभं केलं.

त्या सेटवर कोण काय बोललं हे मी रचून सांगणार नाही. पण एवढं तुम्हीही जुळवू शकता. त्या सेटवर बहुतेकांसाठी ती एक मुघल दंतकथा होती. तिच्यासाठी ते तिचं स्वतःचं जुनं काम होतं. एकवीस वर्षांची असताना तिने ती व्यक्तिरेखा तोंडातून शब्द न काढता उभी केली. अठ्ठावीसाव्या वर्षी कष्टाने शिकलेल्या भाषेत बोलून दाखवली. आणि आता सेहेचाळीसाव्या वर्षी तिला दुसऱ्या मुलीला अनारकली होताना बघायचं होतं.

मला यात नुसती करुणा दिसत नाही. चिकाटी दिसते. राणीचं सिंहासन गेलं म्हणून तिने दरबार सोडला नाही. दोन ओळींचं काम असेल तर दोन ओळींचं, पण ती कामावर येत राहिली. शेवटी ती मूळची नोकरदार मुलगी होती. शिफ्ट संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हे तिला एक्स्चेंजमध्येच शिकवलं असणार.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पाचवी व्यक्ती, आणि देविका राणींनंतरची दुसरी स्त्री. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्या नावाचा पुरस्कार. १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत तिचं निधन झालं.

हरलेली दिसते, जिंकलेली दिसत नाही

आता तो बाजूला ठेवलेला निकाल परत काढू. १९२८ ची शर्यत. सुलोचना जिंकली, सीता देवी हरली.

आत्ता हा भाग थांबवा आणि यूट्यूबवर सीता देवी शोधा. 'प्रपंच पाश', १९२९ चा मूकपट. 'शिराज', १९२८. 'लाइट ऑफ एशिया', १९२५. तिन्ही बघायला मिळतात. सीता देवीचा चेहरा, चाल, हसणं, सगळं. कारण हे सिनेमे हिमांशू राय यांनी परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत केले होते, जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन होता. त्यांच्या प्रिंट युरोपात राहिल्या, तिथल्या संग्रहांनी त्या जपल्या, दुरुस्त केल्या.

मग सुलोचनाचा १९२८ चा 'अनारकली' शोधा. नाही मिळणार. आठ भूमिकांचा 'वाइल्डकॅट' ? नाही. 'टायपिस्ट गर्ल' ? नाही. आपल्याकडे साधारण तेराशे मूकपट बनले, असं मानतात. त्यांतले आज जेमतेम तीसेक उरलेत, आणि तेही काही पूर्ण, काही तुकडे. बोलका झालेला पहिला सिनेमा 'आलम आरा', त्याचीही प्रिंट उरलेली नाही.

कुठे गेले? तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती सहज पेटायची, दमट हवेत सडायची. त्यात चांदीचा अंश असायचा, म्हणून चालून झालेल्या प्रिंट भंगारात जायच्या आणि वितळवून चांदी काढली जायची. मूकपट बंद झाल्यावर त्यांना कोण विचारणार? गोदामाचं भाडं कोण भरणार? सिनेमे सांभाळायची सरकारी संस्था, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, आपल्याकडे स्थापन झाली १९६४ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. आणि ही संस्था आहे कुठे? पुण्यात, लॉ कॉलेज रोडवर. रुबी मायर्सच्या जन्मगावी.

म्हणून मला वाटतं, गाजणं आणि उरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाजायला प्रेक्षक लागतात. उरायला कुणीतरी डबा बंद करून, थंड खोलीत ठेवून, वर्षानुवर्षं त्याची काळजी घ्यावी लागते. सुलोचनाला पहिलं भरभरून मिळालं. दुसरं तिच्या हातात नव्हतं. मूकपटांतला तिचा अभिनय चांगला होता की वाईट, यावर आज कुणीही छातीठोकपणे बोलू शकत नाही, कारण बोलायला समोर पुरावाच नाही. आपल्या हातात आहेत ती सिनेमांची नावं, फोटो, जाहिराती आणि पगाराची ती दंतकथा.

तुमच्या घरी जुन्या पेटीत सिनेमाची पुस्तिका असेल, आजोबांच्या थिएटरचं तिकीट असेल, लग्नाची फिल्म असेल, तर ती नीट बघा, फोटो काढून ठेवा, कोरड्या जागी ठेवा. इतिहास असाच हरवतो, कुणी मुद्दाम जाळत नाही, फक्त कुणी सांभाळत नाही.

आणि आजचा गृहपाठ. १९५३ चा 'अनारकली' शोधा. गाणी ऐकाच, पण एकदा गाण्यांसाठी नाही, सलीमच्या आईसाठी बघा. बीना राय पडद्यावर असताना कॅमेरा या बाईकडे वळला की थांबवा आणि तिचे डोळे बघा. नावातच सांगितलंय तिने.

कसा वाटला भाग ते कळवा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, सुलोचना म्हटलं की त्यांना कोणती आठवते. पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या, ऐकत राहा.